गाण्याच्या रेकॉर्डिंगला ऊब हवी: आधी ट्रान्सफॉर्मर घ्यावा की स्पूल मशीन?

खर्जवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या-रजया टांगून, दोन वर्षं रेकॉर्डिंग करतोय. ताई गाते, ख्याल आणि नाट्यसंगीत, पट्टी काळी पाच. साथीला पेटी, तबला आणि मिरजेचा एक जुना तानपुरा. आवाज स्वच्छ येतो, आणि तक्रार तीच आहे. आजोबांनी घरच्या बैठका स्पूलवर धरून ठेवल्यात. त्यात खरखर आहे, मागे कुकरची शिट्टीसुद्धा आहे, पण गाणारा समोर बसलाय असं वाटतं. माझं रेकॉर्डिंग काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं ऐकू येतं.

यंदा एकच मोठा खर्च झेपेल. मायक्रोफोनचा सिग्नल वाढवणारा, ट्रान्सफॉर्मरवाला प्रीअँप घेऊ (आणि घेतला तर निकेलच्या गाभ्याचा की स्टीलच्या?) की स्पूल मशीन? नाशिकला एक रेव्हॉक्स बी७७ विकायला निघालंय. शिवाय कॅनडातला मावसभाऊ त्याच्याकडचं जुनं टीअ‍ॅक फुकट द्यायला तयार आहे, येताना कुणी आणलं तर. जाणकारांनी बोलावं.

तिरकस

ऊब हवी असेल तर रजई भिंतीवरून काढून अंगावर घ्या.

गंमत सोडा, पण टेपच्या आवाजाची नक्कल करणारं प्लगइन लावून झालंय का? नसेल तर हा धागा महिनाभर बंद ठेवा आणि ते करून या.

खर्जवाला

@तिरकस, झालंय. तीन वेगवेगळी लावून पाहिली. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी कळतं की नुसता वरचा आवाज कापलाय.

गुंडाळीवाला

काय गरम करायचंय ते ठरल्याशिवाय शेगडी विकत घेऊ नका. गळा, डग्गा, पेटी आणि तानपुरा यांचं उत्तर एक नाही.

ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात करतो, ठाण्यात हाच उद्योग करतो म्हणून. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने ४.४४चं सूत्र घोकलेलं असतं. गाभ्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्टेजच्या सम प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात, आणि तो फार वाढला की आवाजाला रंग चढतो. म्हणजे जो ट्रान्सफॉर्मर ४० हर्ट्झला १ व्होल्टवर कुरकुरायला लागतो, तो ८० हर्ट्झला २ व्होल्टपर्यंत गप्प बसतो. ताईंचा सा काळी पाचचा, म्हणजे २३३ हर्ट्झ. तिथे त्याच लोखंडाला तेवढंच छळायला जवळजवळ ६ व्होल्ट लागतील, १५ डेसिबल जास्त. मंद्र पंचमापर्यंत उतरल्या तरी १७५ हर्ट्झच्या खाली त्या जात नाहीत. मग त्यांच्या गळ्यासाठी 'लोखंडाचा रंग' विकत घेणं म्हणजे न पिणाऱ्या पाहुण्यासाठी चहाचा किटलीभर घाट. डग्गा मात्र ऐंशीच्या आसपास घुमतो. तो लोखंडाला बरोबर भिडतो. मींड घेऊन खाली उतरला की आणखीच.

निकेल की स्टील? मायक्रोफोनच्या इनपुटला सुमारे ८० टक्के निकेलचा गाभा असतो, कारण सिग्नल मिलिव्होल्टमधला असतो आणि एवढ्या कमी पातळीलाही त्याची चुंबकीय वाहकता म्हणजे पर्मिअॅबिलिटी शाबूत राहते. तो खूप स्वच्छ असतो, पण पाऊण टेस्लाच्या आसपास त्याचा दम संपतो. सिलिकॉन स्टील दोन टेस्लाजवळ जातं, पण लहान पातळीवरही थोडा थोडा रंग लावत राहतं. म्हणून जुन्या कन्सोलमध्ये आत निकेल, बाहेर स्टील. नीव्ह या जुन्या ब्रिटिश कन्सोल कंपनीमुळे लोक ज्याला 'नीव्हचा आवाज' म्हणतात त्यातला मोठा वाटा बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. आणि त्यांच्या १०७३ या प्रीअँपमधला तो ट्रान्सफॉर्मर हवेची फट ठेवलेला आहे, कारण आउटपुटच्या एकट्या ट्रान्झिस्टरचा डीसी करंट त्याच्यातून वाहतो. तोच सुटा आणून इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या साउंडच्या डबीच्या) मागे डीसीशिवाय लावला तर तो १०७३ होत नाही. फट असल्यामुळे इंडक्टन्स कमी असतो, बास पातळ होतो, आणि मग लोक फसवल्याची तक्रार करतात.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मरला चालवणाऱ्या सर्किटचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) जितका कमी, तितका तो स्वच्छ वागतो. इंटरफेसचं आउटपुट साधारण शंभर ओहमचं असतं. मध्ये ६०० ओहमचे रेझिस्टर मालिकेत टाकून बघा, त्याच ट्रान्सफॉर्मरचा स्वभाव बदलतो. खर्च चहाएवढा.

तिरकस

चहा दोनदा आला. पण ६०० ओहमचा मुद्दा पटला.

सुरपेटी

मी गाते, यंत्रांतलं कळत नाही, म्हणून बावळट प्रश्न. हा 'रंग' म्हणजे नेमकं काय मिसळतं? कुठला सूर?

गुंडाळीवाला

अजिबात बावळट नाही. गाभा दोन्ही दिशांना सारखाच दमतो, म्हणून मुख्यतः तिप्पट फ्रिक्वेन्सी तयार होते. टेपचंही तेच. सा गायलात तर दुप्पट म्हणजे तार सा, तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. एकट्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दुप्पट जास्त, लोखंडात आणि टेपमध्ये तिप्पट.

सुरपेटी

मग मारवा गाताना? पंचम वर्ज्य आहे!

गुंडाळीवाला

तुमच्या गळ्यात आणि तारेत तो पंचम आधीपासून आहे, त्याने मारवा बिघडत नाही. बिघडतो तो वेगळ्याच कारणाने. एकाच ट्रान्सफॉर्मरमधून दोन सूर एकदम गेले की त्यांच्या वजाबाक्या तयार होतात. एकाच्या दुपटीतून दुसरा वजा. तानपुऱ्याचा सा २३३, तुमचा कोमल रिषभ साधारण २४८.५. दुप्पट ४९७, त्यातून २३३ गेले, उरले २६४. म्हणजे शुद्ध रिषभाच्या अगदी कडेला! मारव्यात कोमल रे लावलात आणि यंत्राने मागून बारीक शुद्ध रे घुसडला. उलट सा-गंधार घेतलात तर २९१ च्या दुपटीतून २३३ वजा, ३४९, पंचम. तो गोडच लागतो. म्हणून भूप 'उबदार' ऐकू येतो आणि मारवा 'गढूळ', त्याच यंत्रातून.

@खर्जवाला, यावरून एवढं घ्या: गळा आणि तानपुरा मिसळून कधीच तापवायचे नाहीत. तापवायचं ते प्रत्येकाला एकट्याने.

सुरपेटी

हे वाचून दहा मिनिटं पेटी घेऊन बसले होते. दंडवत घ्या.

रिळकाका

उशिरा आलो. एका रेडिओ केंद्रावर एकतीस वर्षं स्पूल फिरवले, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

आम्ही टेपला कधी 'उबदार' म्हटलं नाही. आमचं आयुष्य तिच्या हिस्सशी (मागच्या सुस्स आवाजाशी) भांडण्यात गेलं. रोज सकाळी हेड (टेपवर लिहिणारे-वाचणारे भाग) पुसायचे, डीमॅग्नेटाइझ करायचे, टोन टेप लावून पातळी जुळवायची, आणि मीटरची सुई लालमध्ये गेली तर वरिष्ठ खोलीत यायचे. तुम्हाला आजोबांच्या स्पूलमध्ये जे आवडतं, त्यातलं अर्धं टेपचं नाहीच. एक मायक्रोफोन, तोही लांब, आणि खोलीत बसलेली पंधरा माणसं. तुम्ही मायक्रोफोन ताईच्या तोंडापासून वीतभर ठेवत असाल, तर आधी तो चार फुटांवर न्या. हे फुकट आहे.

आता टेपचं म्हणाल तर गुंडाळीवाले म्हणतात ते लोखंडाबद्दल बरोबर आहे, पण टेपला हा नियम लागू नाही. टेप मधल्या सुरांवरही दमते आणि वरच्या सुरांवर तर लवकरच दमते, कारण रेकॉर्ड करताना वरचा भाग उचलून लिहावा लागतो. म्हणून 'स', 'श', 'च' ही अक्षरं टेपवर गोल होतात. बाईच्या गळ्याला टेप मानवते ती यामुळे. विकृती पातळीच्या वर्गाने वाढते. ६ डेसिबल जास्त रेटलं की चौपट. १ टक्क्यावरून ३ टक्क्यांवर जायला ५ डेसिबलसुद्धा लागत नाहीत, आणि ३ टक्के म्हणजे टेपची कमाल पातळी असं आम्ही मानायचो. एवढ्या अरुंद पट्टीत तुमची सगळी 'ऊब' बसते. ताईंनी तार सा जोरात लावला तर ती पट्टी एका श्वासात ओलांडली.

वेगाचंही ऐका. ३८ सेंटीमीटर प्रतिसेकंद (१५ इंच) हा बहुतेकांना आवडणारा वेग. १९ सेंटीमीटरला वरचा आवाज लवकर बसतो, हिस्स वाढते. ७६ ला हिस्स कमी, वरचं छान, पण खालचा बास ढासळतो. हेडच्या आकारामुळे बासमध्ये एक उंचवटा येतो, १५ इंचाला तो डग्ग्याच्या जरा खाली पडतो. लोक त्यालाच 'टेपचा बास' म्हणतात. वेग दुप्पट केला की तो उंचवटा एक सप्तक वर सरकतो.

बी७७ घेताना ही चौकशी करा: साधं मॉडेल १९ आणि ९.५ सेंटीमीटरवर चालतं. ३८ हवं तर हाय स्पीडचं मॉडेल लागतं. आणि दोन ट्रॅकचं घ्या, चार ट्रॅकचं (घरगुती, दोन्ही बाजूंनी वाजणारं) नको. ट्रॅकची रुंदी अर्धी झाली की हिस्स ३ डेसिबलने वर.

ओंटारिओकर

मावसभावाच्या टीअ‍ॅकबद्दल थांबा! मी हा मूर्खपणा करून बसलोय. २०१६ ला इथून एक चार ट्रॅकचं जुनं मशीन सांगलीला नेलं, मोठा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन. स्टेपडाऊन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. सिंक्रोनस मोटर (विजेच्या फ्रिक्वेन्सीवर वेग ठरणारी) असेल तर ती इथल्या ६० हर्ट्झऐवजी भारतातल्या ५० वर फिरते, पाच-षष्ठांश वेगाने. इथे भरलेल्या टेपा तिथे लावल्या तर तीन अर्धस्वरांहून जरा जास्त उतरल्या. काळी पाचचं गाणं पांढरी पाचच्याही खाली. काकूला वाटलं गायिकेला सर्दी झालीय.

काही मॉडेलमध्ये ५० हर्ट्झची पुली बसवता येते, पण ती मिळायला हवी. रेव्हॉक्सचं कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) सर्व्होवर, म्हणजे आपला वेग आपणच सांभाळणाऱ्या मोटरवर चालतं, त्याला हे दुखणं नाही.

खर्जवाला

@ओंटारिओकर, वाचवलंत. मावसभावाला नम्र नकार कळवतो.

@रिळकाका, मायक्रोफोन वीतभरच होता. चार फुटांवर नेला. आता रस्त्यावरचे रिक्षेवाले पण समोर बसल्यासारखे वाटतात. अडीच फुटांवर तडजोड केलीय, रात्री अकरानंतर.

सुरपेटी

तानपुऱ्याचं कुणीच बोललं नाही. मी एका मैत्रिणीकडे टेपवर ध्वनिमुद्रण केलं होतं. गळा फार सुंदर आला, पण तानपुरा हलत होता. पाण्यात बघितल्यासारखा. तिला ऐकूच येत नव्हतं, मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

रिळकाका

बरोबर ऐकलंत. टेपचा वेग बारीक कमीजास्त होऊन सूर हलतो, त्याला वॉव आणि फ्लटर म्हणतात. चांगल्या स्थितीतल्या बी७७ ला १९ च्या वेगावर ०.०८ टक्क्याच्या आत असतं. गणित केलं तर अर्धस्वराचा सत्तरावा भाग, नवं असताना कुणाला कळू नये. पण चाळीस वर्षांचा रबरी रोलर कडक झालेला, बेअरिंग सुकलेलं, म्हणजे याच्या तिप्पट-चौपट. गळ्यात आंदोलन असतं, त्यात हे लपतं. तबल्यात कळत नाही. अखंड वाजणारा, जवारी लावलेला तानपुरा मात्र चुगली करतो. आमच्याकडे नवीन मशीन आलं की आम्ही तानपुराच भरून बघायचो.

गुंडाळीवाला

म्हणजे हिशेब असा लागतोय: डग्ग्याला लोखंड, गळ्याला टेप, तानपुऱ्याला काहीच नाही. पेटी? पेटीला आधीच एवढे स्वर असतात की तिला गप्प बसवणारं यंत्र शोधा.

स्थानिक वाइंडिंगबद्दल एक अनुभव सांगून ठेवतो. कुणीतरी 'आपल्याकडे गुंडाळून घ्या, स्वस्तात' असं म्हणणारच आहे. धंद्यात पडायच्या आधी मीही घेतला होता, एका गल्लीतल्या कारागिराकडून, सीआरजीओ म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या स्टॅम्पिंगवर. तो माणूस इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर उत्तम बनवतो. पण त्याने प्रायमरी संपवून वर सेकंडरी गुंडाळली, थर आलटून-पालटून घेतले नाहीत. लीकेज (एका गुंडाळीतून दुसरीत न पोचणारं चुंबकत्व) वाढलं आणि १२ किलोहर्ट्झला घंटा वाजायला लागली, तो सूर उगाच घुमत राहायचा. वर म्यूमेटलचा (बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या धातूचा) डबा नाही, म्हणून शेजारच्या पंख्याची घूं घूं फुकट. लाइन लेव्हलला (प्रीअँपनंतरच्या मोठ्या सिग्नलला), डग्ग्यासाठी, चालून जाईल. मायक्रोफोनला नाही. तिथे जेन्सन, लुंडाल, सिनेमॅग, सोटर यांच्यापैकी कुणाचातरी तयार घ्या, आणि कंपनीने दिलेलं सेकंडरीवरचं रेझिस्टर-कपॅसिटर टाळू नका, ते ती घंटा दाबायलाच असतं.

आणि कृपा करून निकेलच्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग मल्टीमीटरने तपासू नका. मीटरचा डीसी गाभ्यात चुंबकत्व ठेवून जातो, मग विकृती वाढते. तपासून बसला असाल तर कमी फ्रिक्वेन्सीचा मोठा सिग्नल देऊन हळूहळू शून्यावर आणा.

तिरकस

मी आतापर्यंत टवाळी केली, पण एक खरा प्रश्न. हे सगळं कळतं कसं? विकत घेतलेल्या वस्तूचा आवाज चांगला वाटतोच. पैसे गेलेले असतात.

गुंडाळीवाला

डोळे बांधून ऐका. दोन्ही फाइलींची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून, कारण जरा मोठा आवाज नेहमी 'उबदार' वाटतो. आणि लेबल दुसऱ्याने बदलावं. मी खर्जवाल्यांना माझी लाइन ट्रान्सफॉर्मरची डबी पाठवतो, दोन वाहिन्या, स्टीलचा छोटा गाभा. महिनाभर ठेवा. मोठा, २० हर्ट्झला २० डेसिबल सहन करणारा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम देत नाही. तो चांगला असतो म्हणून काहीच करत नाही.

खर्जवाला

डबी मिळाली, तीन आठवडे वापरली. हे निकाल:

डग्गा: फरक लगेच कळला. ६०० ओहम टाकल्यावर तर 'घे'चा घुमारा मोबाइलच्या स्पीकरवरसुद्धा ऐकू येतो. म्हणजे वरचे स्वर मिसळल्यामुळे कानाला खालचा सूर सापडतो, असं असावं ना? वीसपैकी एकोणीस वेळा ओळखला.

ताईचा गळा: वीसपैकी अकरा. नाणं उडवल्यासारखं. आईला बसवलं, ती नऊ. आई म्हणाली, 'दोन्हीत ताईच गातेय.'

सगळं एकत्र मिसळून: ताई पूरिया गात होती, कोमल रिषभ. गुंडाळीवाल्यांनी सांगितलेला गढूळपणा ऐकू आला. कदाचित सांगितलं म्हणून ऐकू आला असेल, पण परत मी ते करणार नाही.

म्हणजे प्रीअँपचा खर्च बाद. डबी मी विकत घेतो (भाव खाजगी निरोपातून कळवा). आता नाशिकच्या बी७७ चा प्रश्न उरला. विक्रेता हाय स्पीड, दोन ट्रॅक म्हणतोय. सोबत जुन्या टेपची दहा रिळं देतोय.

रिळकाका

रिळं कुठली, ते बघा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची बरीच वर्षं बनलेल्या अ‍ॅम्पेक्स ४५६ सारख्या टेपांचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक) हवेतलं पाणी शोषून चिकट होतो. एका फेरीत हेडवर तपकिरी गाळ जमतो. त्या भट्टीत, चोपन्न अंशाच्या आसपास, तासन् तास भाजून एकदा उतरवून घेता येतात, नवीन भरायला निरुपयोगी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. नवी टेप आजही बनते. फ्रान्समध्ये आव्रांशला आरटीएम, अमेरिकेत यॉर्कला एटीआर. महाग आहे. १०.५ इंची रिळात ७६२ मीटर, ३८ च्या वेगाला ३३ मिनिटं. ताईंचा विलंबित त्याहून लांबला तर समेवर रीळ संपेल.

त्याला एक तोडगा आहे. मशीनला तीन हेड आहेत. रेकॉर्ड हेडवर लिहायचं आणि लगेच पुढच्या प्लेबॅक हेडवरून वाचून कॉम्प्युटरवर भरायचं. दोन हेडमध्ये पाच सेंटीमीटर धरले तर ०.१३ सेकंदाचा उशीर, तो नंतर सरकवून जुळवा. तेच रीळ पुन्हा पुन्हा वापरता येतं. ताईचा गळा तेवढा टेपमधून न्या, तबला-तानपुरा थेट. टेप साठवायचीच नसल्यामुळे शेजारच्या थरावर छाप पडून आलापाच्या आधीच आलाप ऐकू येण्याचं भूतही टळतं. साठवणार असाल तर शेपूट (टेपचा शेवट) बाहेर ठेवून गुंडाळा.

खर्जवाला

हेच हवं होतं. रविवारी बघायला जातो. काय तपासू?

रिळकाका

आधी पाठ उघडायला लावा. जुन्या रेव्हॉक्समध्ये पारदर्शक पिवळसर वेष्टनाचे रिफा कपॅसिटर असतात, त्यांना तडे गेले असतील तर प्लग लावू नका, धूर निघतो. बदलणं सोपं आहे, पण विक्रेत्याच्या दिवाणखान्यात नको. मग रबरी रोलरला नख लावा. खूण राहिली आणि मिटली नाही, किंवा बोटाला चिकटलं, तर रोलर बदलावा लागेल. हेडवरून नखाची कड फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, घासून घ्यावं लागेल, आणि ते करणारे फार कमी उरलेत. शेवटी स्वतःची टेप नेऊन तानपुऱ्याची दहा मिनिटं भरा.

जुळवणीसाठी एमआरएल कंपनीची, ठरलेल्या पातळीचे सूर भरलेली टोन टेप लागेल. ती माझ्याकडे आहे, ३८ च्या वेगाची. मशीनवर एनएबी लिहिलंय की आयईसी (टेपवर आवाज लिहायची दोन वेगळी मानकं) ते आधी फोन करून विचारा, माझी एनएबीची आहे.

खर्जवाला

विचारलं. ते म्हणाले, 'मागे काहीतरी लिहिलंय, पण स्टिकर लावलाय.' काका, रविवारी तुम्हीच चला ना बरोबर. गाडी माझी.

रिळकाका

येतो. पण तानपुरा खरा घ्या, मोबाइलवरचा नको. आणि स्टिकर काढायला जरा केरोसिन.

तिरकस

सोमवारी इथे लिहा. धागा बंद ठेवा म्हणालो होतो ते मागे घेतो.